महामार्ग झाला, रस्त्याचे काय?

पुण्याभोवती सुमारे १७० किलोमीटर लांबीचा आणि ११० मीटर रुंदीचा वर्तुळाकार रस्ता बांधण्याचे काम महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने हाती घेतले आहे. मावळातील उर्से येथून निघून पूर्वेकडे खेड, हवेली व पुरंदर आणि पश्चिमेकडे मुळशी व हवेली या तालुक्यांतून जात भोर तालुक्यात सातारा रस्त्याला मिळणारा हा मार्ग पूर्ण झाला, म्हणजे मुंबईहून बंगळूर, सोलापूर वा नाशिककडे जाणाऱ्या अवजड वाहनांना पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन शहरांच्या अंगावरून जाण्याचे कारण उरणार नाही, असे सांगितले जाते. उद्दिष्ट योग्य आहे आणि रस्त्याची निकडही कोणी नाकारणार नाही. परंतु याच शहराच्या कडेने, याच उद्देशाने, पूर्वी एक बाह्यवळण रस्ता बांधला गेला होता आणि त्याची आज काय अवस्था आहे हे पुणेकर रोज अनुभवीत आहेत. ती अवस्था कशामुळे ओढवली याचा विचार न करता दुसरे वर्तुळ आखले, तर पंचवीस वर्षांनी तिसऱ्याची मागणी होईल. म्हणून काम ऐन भरात येत असतानाच काही प्रश्न विचारणे भाग आहे.

पुण्याचा इतिहास हा पुष्कळ अंशी घाटांचा आणि वाटांचा इतिहास आहे. १८३० साली मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी बोरघाटातील गाडीरस्ता खुला केला. १८६३ मध्ये त्याच घाटातून रेल्वे वर चढली. २००२ मध्ये ९४.५ किलोमीटरचा द्रुतगती महामार्ग पुरा झाला आणि मुंबई-पुणे हे अंतर दोन-अडीच तासांवर आले. त्याच्याही पुढे जाऊन, घाटातले सहा किलोमीटर आणि वीस-पंचवीस मिनिटे वाचावीत म्हणून खोपोली ते कुसगाव या १३.३ किलोमीटरच्या नव्या मार्गाचे काम २०१९ मध्ये सुरू करण्यात आले. त्यात सुमारे नऊ किलोमीटरचा एक बोगदा आहे. अभियंत्यांच्या कर्तबगारीला यात दाद द्यावी तेवढी थोडीच. मात्र डोंगर फोडून वाचविलेली ही वीस मिनिटे किवळ्याला महामार्ग सोडल्यावर वाकडच्या चौकात पुन्हा खर्ची पडत असतील, तर हिशेब कोणी मांडायचा? पुण्यापर्यंत येणे प्रत्येक पिढीत सोपे होत गेले आणि पुण्यात शिरणे प्रत्येक पिढीत अवघड होत गेले, ही विसंगती आपल्या नियोजनाच्या मुळाशीच आहे.

गावे आली, रस्ते राहिले

देहूरोड-कात्रज हा बाह्यवळण रस्ता आखला गेला तेव्हा वाकड, बाणेर, बावधन, वारजे, नऱ्हे ही सर्व खरोखरीची गावे होती. त्यांच्या शेताच्या बांधांवरून आणि टेकड्यांच्या कुशीतून रस्ता न्यावयाचा आणि शहराला वळसा घालावयाचा, ही कल्पना त्या काळाला धरून होती. पुढे १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी बालेवाडीला क्रीडानगरी उभी राहिली. त्यानंतरच्या काही वर्षांत महामार्गाच्या पलीकडे हिंजवडीला औद्योगिक विकास महामंडळाने माहिती तंत्रज्ञानाची वसाहत वसविली आणि शहराने महामार्गावरून उडी मारली. १९९७ मध्ये २३ गावे पुणे महापालिकेत आली, २०१७ मध्ये आणखी ११ आणि २०२१ मध्ये पुन्हा २३. ज्याला वळसा घालावयाचा ते शहरच वळशाच्या दोन्ही बाजूंना पसरले. पूर्वीचा बाह्यवळण रस्ता हा आज शहराचा एक मोठा, परंतु शहरी सोयी नसलेला, अंतर्गत रस्ता आहे.

शहरे वाढतातच, त्यात गैर काही नाही. गैर आहे ते वाढीच्या क्रमात. आपल्याकडे आधी इमारती उभ्या राहतात, मग माणसे राहायला येतात आणि सर्वांत शेवटी रस्त्याच्या जागेचा शोध सुरू होतो. तोवर रस्त्याची जागा इमारतीखाली गेलेली असते किंवा तिचा भाव असा चढलेला असतो की पालिकेच्या तिजोरीला तो परवडत नाही. गावातला जुना बैलगाडीचा रस्ता, त्यावर दहा-दहा मजली घरांच्या रांगा आणि महामार्गाखालून जाण्यासाठी पूर्वी शेतकऱ्यांच्या सोयीकरिता ठेवलेला एक अरुंद भुयारी मार्ग, हे चित्र वाकड, भूमकर चौक, ताथवडे, पुनावळे येथे कोणालाही पाहता येईल. वर सहा मार्गिकांवरून मालमोटारी धावत आहेत आणि खाली हजारो नोकरदार एका मोरीवजा वाटेतून पलीकडे जाण्यासाठी खोळंबले आहेत. महामार्गाची श्रीमंती आणि जोडरस्त्यांचे दारिद्र्य यांचे याहून बोलके उदाहरण मिळणार नाही.

यामागे एक प्रशासकीय कारणही आहे. महामार्ग राष्ट्रीय प्राधिकरणाच्या ताब्यात, द्रुतगती मार्ग रस्ते विकास महामंडळाकडे, औद्योगिक वसाहतीतील रस्ते औद्योगिक विकास महामंडळाकडे, वसाहतीबाहेरचे काही सार्वजनिक बांधकाम खात्याकडे, काही २०१५ मध्ये स्थापन झालेल्या महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, काही दोन महापालिकांकडे आणि उरलेले ग्रामपंचायतींकडे. यांपैकी प्रत्येकाचा नकाशा आपल्या हद्दीशी संपतो. महामार्गाचा अभियंता मुंबई ते बंगळूर असा विचार करतो. त्याच्या दृष्टीने मध्ये येणारी स्थानिक वाहतूक हा अडथळा. पालिकेचा अभियंता आपल्या हद्दीतला रस्ता महामार्गाच्या कुंपणापर्यंत आणून सोडतो. त्याच्या दृष्टीने पुढचे काम दुसऱ्याचे. ज्या ठिकाणी हे दोन विचार एकमेकांना भेटतात, तिथे नागरिकाला रोज उभे राहावे लागते, आणि त्या ठिकाणाला धनी नाही.

चांदणी चौकाचा धडा

चांदणी चौकाचे उदाहरण या संदर्भात अभ्यासण्यासारखे आहे. बाह्यवळण रस्ता, पौड रस्ता, बावधनचा रस्ता, राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीकडे जाणारा रस्ता आणि मुळशीकडील वाहतूक अशा अनेक वाटा इथे एकत्र येतात. २०१७ च्या ऑगस्टमध्ये तेथील नव्या पुलांचे भूमिपूजन झाले. त्यानंतर भूसंपादनाचे घोडे अडले आणि वर्षे गेली. २०२२ च्या ऑगस्टमध्ये खुद्द मुख्यमंत्र्यांची गाडी तिथल्या कोंडीत सापडली, तेव्हा शासनयंत्रणा हलली. २ ऑक्टोबर २०२२ च्या मध्यरात्रीनंतर जुना पूल सुरुंग लावून पाडण्यात आला आणि १२ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांच्या हस्ते नवा चौक खुला झाला. भूसंपादनासह सुमारे ८६५ कोटी रुपये या एका चौकासाठी खर्ची पडले.

मोटारींची सोय झाली हे निर्विवाद. पूर्वी तास खाणारा चौक आता काही मिनिटांत ओलांडता येतो. परंतु पूल खुला झाल्याबरोबर एक साधी गोष्ट ध्यानात आली. मुंबई-सातारा बसमधून उतरणारा, कोथरूडहून बावधनला पायी जाणारा, डोक्यावर बोजा घेतलेला माणूस इथून कोठे व कसा पलीकडे जाणार, याचे उत्तर एवढ्या खर्चाच्या आराखड्यात नव्हते. लोक धावत्या वाहनांतून जीव मुठीत धरून महामार्ग ओलांडू लागले आणि मग पादचारी पुलाची धावपळ सुरू झाली. देशात २०२२ साली रस्त्यावरील अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली. त्यांत ३२ हजारांहून अधिक पादचारी होते. हे आकडे केंद्र सरकारच्याच अहवालातले आहेत. ज्या देशात पायी चालणारा एवढ्या संख्येने मरतो, तिथे चौकाच्या आराखड्यात त्याची वाट प्रथम आखावयास हवी. आपण ती शेवटी, तक्रार आल्यावर, आखतो.

नवले पुलाची कहाणी याहून दारुण आहे. नव्या कात्रज बोगद्यातून बाहेर पडल्यावर रस्ता नऱ्हे-आंबेगावकडे काही किलोमीटर सलग उतरत जातो. साताऱ्याकडून येणारा मालमोटारीचा चालक डिझेल वाचविण्यासाठी गाडी गिअरमधून काढतो, ब्रेकवर ब्रेक दाबीत येतो, ब्रेक तापतात आणि ऐन वस्तीत निकामी होतात. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री अशाच एका अवजड वाहनाने तिथे सुमारे ४८ गाड्यांना ठोकरले. तीन वर्षांनी, १३ नोव्हेंबर २०२५ रोजी, त्याच परिसरात एका कंटेनरने अनेक वाहनांना धडक दिली, आग लागली आणि किमान आठ जणांचा बळी गेला. दोन्ही वेळा चालकाला दोष देण्यात आला, दोन्ही वेळा वेगमर्यादेच्या पाट्या, रस्त्यावरचे पट्टे आणि बैठका झाल्या. चालकाचा दोष असेलही. पण एका ठिकाणी एकच चूक अनेक चालकांच्या हातून वर्षानुवर्षे होत असेल, तर ती चूक केवळ चालकाची राहत नाही. ती त्या उताराची आणि तो आखणाऱ्यांचीही होते.

शिवाय एक प्रश्न उरतोच. त्या उतारावर नऱ्ह्याचा विद्यार्थी आणि आंबेगावची नोकरदार स्त्री दुचाकीवर, कंटेनरच्या पुढे-मागे, का असतात? हौस म्हणून नव्हे. कडेचा सेवा रस्ता सलग नाही. तो मधेच तुटतो आणि दुचाकीस्वाराला मुख्य रस्त्यावर येण्यावाचून गत्यंतर राहत नाही. सेवा रस्त्याचे ते तुटके तुकडे जोडणे हे काम उन्नत मार्गाच्या मानाने स्वस्त आहे, परंतु त्याला भूसंपादन लागते, घरोघर जाऊन वाटाघाटी कराव्या लागतात आणि त्याचे उद्घाटन फारसे गाजत नाही. मग जांभूळवाडीपासून उंचावरून जाणाऱ्या नव्या मार्गाची चर्चा होते. तो झाला तर अवश्य व्हावा. पण खालच्या माणसाला मृत्यूच्या वाटेवरून बाजूला घेण्यासाठी वरच्या पुलाची वाट पाहणे हे कोणत्या शहाणपणात बसते?

तीन वर्तुळे, तीन धनी

आपल्याकडे योजनांची वाण कधीच नव्हती. १९८७ च्या पुण्याच्या विकास आराखड्यात शहरांतर्गत सुमारे ३६ किलोमीटरचा उच्च क्षमतेचा वर्तुळाकार मार्ग दाखविण्यात आला होता. तो अजून कागदावर आहे. १९९७ च्या प्रादेशिक आराखड्यात शहराबाहेरचे दुसरे वर्तुळ आले. ते आता महानगर प्राधिकरणाकडे असून त्याची रुंदी ९० मीटरवरून ६५ मीटर झाली आहे. तिसरे, रस्ते विकास महामंडळाचे, ते सर्वांत मोठे. कात्रज-कोंढवा हा सातारा आणि सोलापूर रस्त्यांना सांधणारा जेमतेम साडेतीन किलोमीटरचा दुवा ८४ मीटर रुंद करावयाचे ठरले, २०१८ मध्ये काम सुरू झाले आणि जागा मिळेना म्हणून रुंदी ५० मीटरवर आणावी लागली. विद्यापीठासमोरचे उड्डाणपूल जेमतेम दीड दशकाच्या वापरानंतर २०२० मध्ये पाडावे लागले, कारण मेट्रो आणि नवा दुमजली पूल त्यांच्या जागेवर यावयाचा होता. ही सर्व उदाहरणे एकत्र ठेवली तर असे दिसते की रस्ते आखणाऱ्यांना कल्पनाशक्ती कमी पडली नाही. कमी पडले ते सातत्य, आणि आखलेली जागा मोकळी राखण्याचे धैर्य.

नव्या वर्तुळाकार रस्त्याचा विचार या पार्श्वभूमीवर करावयास हवा. नवा रस्ता आला की कोंडी फुटते, ही समजूत अर्धीच खरी आहे. लंडनभोवतीचा १८८ किलोमीटरचा एम-२५ हा वर्तुळाकार महामार्ग १९८६ मध्ये पूर्ण झाला, तेव्हा पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी मोठ्या अभिमानाने त्याचे उद्घाटन केले. थोड्याच वर्षांत तो वाहनांनी तुडुंब भरला आणि १९९४ मध्ये ब्रिटिश सरकारच्याच सल्लागार समितीने, नवे रस्ते नव्या वाहतुकीला जन्म देतात, असा निर्वाळा दिला. रुंद रस्त्याच्या कडेला जमीन महाग होते, महाग जमिनीवर दाट वस्ती होते आणि ती वस्ती त्याच रस्त्यावर येऊन उभी राहते. आज पुण्याच्या वर्तुळाकार रस्त्याच्या आसपासच्या गावांत भूखंडांच्या जाहिरातींचे फलक उभे आहेत. बाह्यवळणाचे जे झाले तेच याचे होण्याची ती पूर्वचिन्हे आहेत.

यावर काही जण म्हणतात की मग रस्ताच नको. तो पैसा बस आणि मेट्रोवर खर्च करा. या म्हणण्यात तथ्य आहे. २००७ मध्ये दोन शहरांच्या बससेवा एकत्र केल्या, २०२२ च्या मार्चमध्ये मेट्रो धावू लागली, तरीही बसची संख्या आणि नियमितपणा यांबाबत प्रवाशांचे समाधान करणे अजून जमलेले नाही. परंतु चाकण, तळेगाव, रांजणगाव येथील कारखान्यांचा माल मेट्रोने जाणार नाही. सोलापूरहून निघालेल्या मालमोटारीला मुंबईला जाण्यासाठी हडपसरच्या बाजारातून वा कात्रजच्या चौकातून जावे लागू नये, यासाठी बाहेरचा रस्ता हवाच. प्रश्न तो हवा की नको हा नसून, त्याला कोणत्या अटी घालावयाच्या हा आहे.

जमीन आणि न्याय

पहिली अट जमिनीविषयीची. एकशे दहा मीटरचा पट्टा एखाद्याच्या बागायतीच्या मधून जातो आणि शेजाऱ्याच्या जमिनीला मात्र रस्त्याचा भाव मिळतो. एकाची जमीन जाते, दुसऱ्याचे नशीब उघडते. मोबदला कितीही उदार असला तरी हा अन्याय पैशाने पूर्ण भरून येत नाही, आणि शेतकऱ्यांचा विरोध पुष्कळदा यातूनच उगवतो. याला उपाय नवा नाही. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्याने तो शतकापूर्वीच सांगितला होता. एका परिसरातील सर्व जमिनी एकत्र घ्याव्यात, रस्ता, शाळा, बाग यांसाठी लागणारा भाग सर्वांकडून प्रमाणात कापून घ्यावा आणि उरलेली जमीन, रीतसर आकार दिलेल्या व रस्त्याला लागून असलेल्या भूखंडांच्या रूपाने, मूळ मालकांना परत करावी. कोणी भूमिहीन होत नाही, सर्वांनाच थोडे सोसावे लागते आणि सर्वांनाच लाभ होतो. मुख्य म्हणजे वस्ती येण्यापूर्वी गल्लीबोळांसह रस्ते अस्तित्वात येतात.

गुजरातने ही पद्धत सोडली नाही. अहमदाबादचा ७६ किलोमीटरचा सरदार पटेल वर्तुळाकार मार्ग झाला तो मुख्यतः अशाच नगररचना योजनांच्या आधारावर. महाराष्ट्रात १९६६ च्या कायद्यात तरतूद असूनही ती दीर्घकाळ अडगळीत पडली. माण-म्हाळुंगे येथे महानगर प्राधिकरणाने तिचे पुनरुज्जीवन करण्याचा प्रयत्न केला, ही गोष्ट स्वागतार्ह आहे. पण एखाददुसऱ्या योजनेने भागणारे नाही. वर्तुळाकार रस्त्यावर जिथे जिथे चढण्या-उतरण्याची सोय होणार, त्या प्रत्येक ठिकाणाभोवती नगररचना योजना आधी मंजूर व्हावी आणि तोवर तिथे एकाही मोठ्या गृहसंकुलाला परवानगी मिळू नये.

दुसरी अट जोडरस्त्यांची. हैदराबादभोवतीचा १५८ किलोमीटरचा आठपदरी मार्ग नियंत्रित प्रवेशाचा आहे. त्यावर मोजक्याच ठिकाणी चढता-उतरता येते आणि स्थानिक वाहतुकीसाठी कडेने सेवा रस्ते आहेत. हैदराबादची कोंडी त्यामुळे संपली असे नव्हे, पण लांबच्या आणि जवळच्या वाहतुकीची फारकत करण्याचे तत्त्व तिथे मान्य झाले. पुण्यातही हे तत्त्व पाळावयाचे, तर जोडरस्ते हे मूळ प्रकल्पाचेच अंग मानले पाहिजेत. त्यांचा खर्च त्याच अंदाजपत्रकात धरावा आणि जोडरस्ता पुरा झाल्याखेरीज त्या ठिकाणचा प्रवेश खुला करू नये. नाहीतर सहापदरी मार्गावरून उतरलेली मालमोटार एखाद्या गावच्या वेशीतून, शाळेसमोरून आणि आठवड्याच्या बाजारातून वाट काढीत जाईल, आणि मग त्या गावाच्या नशिबी दुसरा नवले पूल येईल.

तिसरी अट छेदणाऱ्या वाटांची. रुंद, कुंपण घातलेला महामार्ग हा गावासाठी नदीसारखा असतो. उताराची जागा नसेल तर गाव दुभंगते. शेत अलीकडे, विहीर पलीकडे; घर इकडे, शाळा तिकडे. आज या गावांतून बैलगाडी आणि ट्रॅक्टर जात असले तरी उद्या तिथून बस जावयाची आहे, हे ध्यानात ठेवून भुयारी मार्गांची रुंदी व उंची आताच ठरविली पाहिजे. रस्ता झाल्यावर भुयारी मार्ग रुंद करणे किती जिकिरीचे असते हे ताथवडे-पुनावळ्याच्या रहिवाशांना विचारावे. पादचाऱ्यांसाठी वेगळी वाट, उजेड आणि पावसाच्या पाण्याचा निचरा या गोष्टी आराखड्याच्या पुरवणीत न ढकलता मूळ आराखड्यात असाव्यात.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची अट उत्तरदायित्वाची. महामार्ग आणि स्थानिक रस्ता यांच्या संगमाला एक धनी हवा. नवी संस्था निर्माण करण्याचा मोह इथे टाळावा. संस्था भरपूर आहेत. असलेल्यांपैकी महानगर प्राधिकरणाला या सर्व संगमांचे नियोजन, निधी आणि कालमर्यादा यांविषयी इतरांवर बंधनकारक असे अधिकार द्यावेत, आणि प्रत्येक चौकाचे काम कोणाकडे, किती झाले, कशामुळे अडले, याची माहिती दर तिमाहीला जनतेपुढे ठेवावी. मुख्यमंत्री कोंडीत सापडल्यावरच यंत्रणा हलणार असेल, तर सामान्य नागरिकाने मुख्यमंत्र्यांच्या दौऱ्यांची वाट पाहावयाची काय?

हे सर्व करावयाचे तर राजकीय किंमत मोजावी लागेल. नगररचना योजना मंजूर होईपर्यंत बांधकामे रोखणे म्हणजे जमिनीच्या व्यवहारात गुंतलेल्या बड्या हितसंबंधांशी वैर घेणे, आणि हे हितसंबंध पुणे जिल्ह्यात एका पक्षापुरते मर्यादित नाहीत. महामार्गाच्या उद्घाटनाला सर्व पक्षांचे पुढारी एका मंचावर दिसतात. सेवा रस्त्याच्या रखडलेल्या दोनशे मीटरसाठी मात्र त्यांतला एकही पुढे येत नाही, याचे कारणही हेच असावे. वर्तुळाकार रस्ता ही आतापर्यंतच्या चुका टाळून शहर आखण्याची मिळालेली संधी आहे. कडेची जमीन अजून बव्हंशी शेतीची आहे, गावे अजून गावे आहेत आणि नकाशावर रेघ ओढणे अजून स्वस्त आहे. दहा वर्षांनी यांतले काहीही खरे राहणार नाही. तेव्हा वर्तुळाकार रस्त्याच्या पहिल्या टप्प्याची फीत कापण्यापूर्वी राज्य सरकारने त्याच्या जोडरस्त्यांची यादी, त्यांच्या जागेचा नकाशा आणि त्यांच्या निधीची तरतूद विधिमंडळापुढे ठेवावी. तेवढे झाले तरच पुढच्या पिढीला या रस्त्यासाठी आजच्या राज्यकर्त्यांचे आभार मानावेसे वाटतील.